अबाजी मुकादमाचं राज्य

देश म्हणजे मोठी मशीद आणि पंतप्रधान म्हणजे तिचा मुकादम, असं अबाजी खारगावकर यांचं ठाम मत होतं. आमची कोकणातली बेने इस्रायल यहुदी माणसं आपल्या प्रार्थनालयाला मशीदच म्हणत, आणि इस्रायलमध्ये लोदला येताना तो शब्दही त्यांनी ट्रंकेत भरून आणला होता. मुकादम चिडका असला की जमात चिडकी होते, मुकादम भित्रा असला की जमात कोपऱ्यात कुजबुजते, आणि मुकादम झोपाळू असला की कारभार बायका बघतात व तो बरा होतो, असं अबाजीकाका सांगत. शेवटचं वाक्य ते आवाज खाली आणून म्हणत.

हे सगळं बोलायचा त्यांना अधिकार होता. रेवदंड्याच्या अलीकडे असलेल्या खारगावच्या मशिदीचे ते कितीतरी वर्षं मुकादम होते. त्या राज्यात जेमतेम वीस घरं, एक विहीर आणि दोन कायमची भांडणं होती. लोदमध्येही आमच्या वसाहतीमागच्या पत्र्याच्या बराकीत मशीद उभी राहिली तेव्हा लोकांनी त्यांनाच मुकादम केलं. दिवसा मात्र ते कागदी पिशव्यांच्या कारखान्यात गोदाम सांभाळत आणि एका बल्गेरियन फोरमनची बोलणी खात. दोन्ही गोष्टी ते सारख्याच रुबाबात करत.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहत होतो. विमानतळावरच्या वर्कशॉपमधून आलो की हिब्रू वर्तमानपत्र वाचून दाखवायचं काम माझ्याकडे असे. एकोणीसशे त्रेसष्टच्या जूनमध्ये म्हाताऱ्या पंतप्रधानांनी राजीनामा दिल्याची बातमी मी जिन्याच्या पायऱ्यांवर वाचली, तेव्हा मशिदीचे चौगुले रूवेनजी गडबडले. चौगुला म्हणजे मुकादमाच्या हाताखालचा, आणि रूवेनजींच्या घराण्यात चौगुलकी बापापासून चालत आलेली.

"राजीनामा? लढाई चालू नाही, काही नाही, अन राजीनामा?"

"रुसलाय तो," अबाजीकाका शांतपणे म्हणाले. "न रुसणारा मुकादम पाहिलाय का कधी? मी स्वतः तीन वेळा रुसलो होतो. भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडायचं. लोक नारळ-सुपारी घेऊन येतात. पहिल्यांदा आले की हुं करायचं नाही."

"मग आता?"

"आता आपण जायचं. जेरुसलेमला. बस ठरवू."

अडचण नारळाची होती. लोदमध्ये नारळ मिळत नव्हता. रूवेनजींनी कलिंगड सुचवलं.

"कलिंगड घेऊन रुसवा काढतात होय रे? माणूस आणखी भडकेल."

या मुद्द्यावर शिष्टमंडळ फुटलं. ते पुन्हा जुळवायला वेळच उरला नाही, कारण काही दिवसांतच देशाला दुसरा पंतप्रधान मिळाला. याच्याबद्दल लोक एक विनोद सांगत: चहा हवा की कॉफी असं विचारलं तर हा म्हणतो, अर्धा चहा, अर्धी कॉफी. लोक हसायचे. अबाजीकाकांनी मात्र तो विनोद राज्यकारभाराचा आराखडा म्हणून स्वीकारला. "हा टिकेल," ते म्हणाले. "मुकादमकी म्हणजे हेच."

पुढाऱ्यांना ते सगळं माफ करत, जसा एक सुतार दुसऱ्या सुताराची वाकडी खिडकी माफ करतो. नेहरूंनी इस्रायलला मान्यता दिली पण राजदूत पाठवला नाही, याचा आमच्या वसाहतीत बऱ्याच जणांना राग होता. काका म्हणत, "आमंत्रण घेतलं, जेवायला आले नाहीत, एवढंच ना? घरातले भाऊबंद नाराज झाले असते. मोठ्या माणसाला भाऊबंद सांभाळावे लागतात." चौसष्टच्या मे महिन्यात नेहरू गेले तेव्हा काका कामावर गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी फोरमनने कारण विचारलं. घरातलं माणूस गेलं, असं त्यांनी सांगितलं. नातं काय, असं त्याने विचारलं तेव्हा काका म्हणाले, "आम्ही दोघं एकाच हुद्द्यावर होतो."

त्याच उन्हाळ्यात त्यांच्या स्वतःच्या घरात राज्यकारभाराचा प्रश्न उभा राहिला.

शुलामिथ त्यांची धाकटी मुलगी. लहानपणी इथे आलेली, सैन्यातली सक्तीची नोकरी करून आलेली, आता विमानतळाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला. वडील मराठीत बोलत, ती हिब्रूत उत्तर देई, आणि दोघांचं भांडण बिनचूक चाले. तिचं शेजारच्या रामला गावातल्या बसगॅरेजमधल्या गिदोन नावाच्या मेकॅनिकशी लग्न ठरलं होतं. गिदोनचे आईवडील रुमानियाहून आलेले. पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा त्याने माशाचं तिखट कालवण डोळ्यांतून पाणी काढत संपवलं आणि आणखी मागितलं. "हा मुलगा एकतर प्रामाणिक आहे नाहीतर फार खोटारडा," काका म्हणाले. "दोन्ही प्रकारचे जावई चालतात."

लग्नाची नोंद करायला दोघं धार्मिक विवाह कचेरीत गेली. तिथल्या कारकुनाने गिदोनला नाव आणि पत्ता विचारला. शुलामिथला आईचं नाव विचारलं, आईच्या आईचं, तिच्या आईचं, आणि मग जितकं मागे जाता येईल तितकं मागे जा म्हणाला. सगळ्या यहुदीच होत्या याचा पुरावा आणा. दोन वर्षांपूर्वी मुख्य रब्बींकडून, म्हणजे धर्मगुरूंकडून, फक्त आमच्या लोकांसाठी तशी सूचना निघाली होती.

"माझ्या आजीबद्दल का नाही विचारत?" गिदोन म्हणाला.

"तुझी आजी कुठली?"

"रुमानियाची."

"मग काय विचारायचं?"

शुलामिथ घरी आली ती दार आपटूनच. काकांनी नेहमीप्रमाणे विषय वरच्या पातळीवर नेला. "हे त्या कारकुनाचं काम नाही. ते त्या रुसलेल्या जुन्या म्हाताऱ्याचं. राज्य उभं करायचं होतं, सगळ्यांना बरोबर घ्यायचं होतं. म्हणून लग्नं रब्बींच्या ताब्यात दिली. बाकीच्या बाबतीत ते गप्प बसावेत म्हणून. मुकादमाला असं करावंच लागतं."

"त्याने माझं लग्न दिलं," शुलामिथ हिब्रूत म्हणाली.

"कोणाचं तरी द्यावंच लागतं, पोरी."

 स्वयंपाकघरात जाऊन तिने भांडी घासायला घेतली, घासलेलीच.

कचेरीने एक वाट ठेवली होती. त्याच गावचा, नात्यात नसलेला एखादा वयस्क माणूस साक्षीला आला आणि शुलामिथच्या आईची आई व आजी आपण पाहिल्या होत्या असं त्याने सांगितलं, तर चालणार होतं. काकांची बायको रिव्का इथे आल्यावर दुसऱ्याच हिवाळ्यात वारली होती. तिचं माहेरही खारगावच. पण लोदमधली खारगावची सगळी माणसं तिच्या नात्यातली, रूवेनजीसुद्धा; बाकीची जुनी माणसं काही मुंबईत होती आणि बरीचशी गावच्या कबरस्तानात. रूवेनजींनी बोटांवर मोजत आठवलं आणि म्हणाले, "आहे की एक. अश्केलोनला. सॅम्युएल. आपला सामाजी."

काका उठले आणि बंद असलेली खिडकी बंद करायला गेले.

का, ते रूवेनजींनीच मला नंतर सांगितलं, आणि मोठ्या अभिमानाने सांगितलं. आमच्या लोकांत गोरे आणि काळे असे दोन भाग मानत. कातडीशी त्याचा संबंध नाही. ज्यांच्या घराण्यातली कुणी आजी-पणजी बाहेरच्या जातीतून आली असं बोललं जाई, ते काळे. खारगावात असं एकच घर होतं, सामाजीचं. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या धार्मिक सुटीला, मनुकांच्या शरबतावर आशीर्वाद म्हणून झाला की मुकादमाच्या हातून प्याला फिरे. गोऱ्यांच्या पोरासोरांचेही घोट झाले की उरलासुरला सामाजीच्या घराकडे जाई. तीस वर्षांपूर्वी या सामाजीने रिव्काच्या चुलतबहिणीला, मिरियमला, मागणी घातली. मुलगी तयार होती. प्रकरण मुकादमापुढे आलं. मुकादम तेव्हा नवा होता, आणि रूवेनजींच्या वडिलांसकट सगळे चौगुले त्याला खाली खेचायच्या बेतात होते. मुकादमाने निवाडा दिला: सामाजीने आपल्या आजीचा पुरावा आणावा.

"मेलेल्या बाईचा पुरावा कुठून आणू?" सामाजी म्हणाला होता.

"ते तू बघ," मुकादम म्हणाले होते.

मिरियमला पुण्याला दिली. सामाजी गाव सोडून मुंबईला गेला. अबाजींची मुकादमकी पक्की झाली.

"काय निवाडा होता!" रूवेनजी म्हणाले. "एका वाक्यात सगळी जमात शांत."

काका अश्केलोनला जायला तयार होईनात. उन्हाचं कारण झालं, पायाचं झालं. शेवटी शुलामिथने पर्स उचलली. "तुम्ही नका येऊ. मी जाते. कोण, कुठली, काय काम, सगळं मीच सांगते. रूवेनजींनी ऐकवलेलं प्याल्याचंही सांगते." काकांनी टोपी घातली. शुलामिथचं हिब्रू मराठीत करायला मला बरोबर घेतलं, असं ते म्हणाले. खरं म्हणजे बसमध्ये शुलामिथच्या शेजारी बसायची त्यांना भीती वाटत होती.

सामाजी सुतारकामातून निवृत्त झाला होता. अंगणात अर्धवट केलेली एक खुर्ची उलटी पडली होती. त्याने आम्हाला पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"हाना," त्याने आत हाक मारली, "खारगावचं सरकार आलंय. शरबत कर."

त्याच्या बायकोने पेले आणले. सामाजीने तबक तिच्या हातातून घेतलं आणि पहिला पेला काकांपुढे धरला. "मुकादमांनी आधी. रीत मोडायला नको."

काकांनी पेला घेतला, पण तोंडाला लावला नाही. "बरा आहेस ना, सामा?"

"बरा आहे. इथे समुद्र आहे. गावासारखाच, फक्त काठावर माड नाहीत."

"अहो, पोरगी उन्हातून आलीय," हाना म्हणाली. "समुद्राचं मागाहून सांगा."

शुलामिथने सगळं सांगितलं, मी मराठीत केलं. ऐकताना सामाजी खुर्चीच्या पायावरून बोट फिरवत होता. शेवटी तो हसायला लागला. इतका हसला की हानाने त्याच्या पाठीवर थाप मारली.

"रिव्काची आजी! मुकादम, तुमच्या पोरीकडे आजीचा पुरावा मागितला?"

"थट्टा करू नकोस."

"थट्टा नाही हो. मी येतो. रिव्काच्या आजीच्या हातची थंड भाकरी मी खाल्लीय. पोरीचा काय दोष? पण मी आधी जेरुसलेमला चाललोय. आपले लोक तिथे धरणं धरून बसलेत. आजीची चौकशी हा माणसाचा अपमान आहे, असं म्हणतायत. तुम्हीपण या. तुम्ही शेजारी बसलात तर मीही जरा मोठ्याने ओरडेन."

काका जेरुसलेमला गेले. दोन दिवस चटई घेऊन बसले, घोषणाही दिल्या. सामाजी शेजारी होता. घोषणा संपली की तो दरवेळी काकांकडे बघून मान डोलवी, जणू गवयाला दाद देतोय.

ऑगस्टमध्ये संसदेची खास बैठक झाली. बेने इस्रायल सर्व बाबतींत यहुदीच आहेत, असं सरकारने जाहीर केलं. आमच्या वसाहतीत पेढे नव्हते म्हणून लोकांनी खजूर वाटले. काका पायऱ्यांवर उभे राहून म्हणाले, "बघा, मुकादम बदलला की देश बदलतो. जुना असता तर अडून बसला असता. हा वाकणारा आहे." दुसऱ्या दिवशी शुलामिथ कचेरीत गेली. कारकून म्हणाला, सरकार जेरुसलेममध्ये बोललंय, इथे अजून काही आलेलं नाही. साक्षीदार आणा.

"वाकणाऱ्या मुकादमाची एक अडचण असते," काका त्या संध्याकाळी म्हणाले. "तो दोन्हीकडे वाकतो."

साक्षीच्या दिवशी आम्ही पाच जण कचेरीत गेलो: काका, शुलामिथ, गिदोन, सामाजी, आणि भाषांतराला मी. कारकून थकलेला, सभ्य माणूस होता. सर्किटमधल्या फ्यूजसारखी त्याची जागा: वरून दाब आला तरी जळणार तोच, खालून आला तरी तोच. त्याने सामाजीला विचारलं, त्याने उत्तरं दिली. रिव्काची आई शेगुलाबाई, तिची आई हन्नाबाई. शनिवारी त्या घरात चूल पेटत नसे. कोळीण आमच्यात न चालणारा, खवले नसलेला मासा घेऊन दारात आली तर हन्नाबाई टोपलीला हात लावत नसे. कारकून लिहीत होता. गिदोनने शुलामिथचा हात धरला.

मग कारकुनाने मान वर केली. "साक्षीदाराच्या स्वतःच्या घराण्याबद्दल जमातीत कधी काही शंका होती?"

मी भाषांतर केलं. सामाजी खुर्चीत मागे टेकला. "ते मला नको, मुकादमांना विचारा. शंका त्यांच्याकडे असायच्या."

कारकून काकांकडे वळला. तुम्ही त्या गावाचे प्रमुख होता का? होतो. मग सांगा.

काकांनी घसा साफ केला. सामाजीचं घर संशयाचं ठरलं तर त्याची साक्ष कुचकामी होती आणि पोरीचं लग्न अडत होतं. संशयाचं नाही म्हणावं तर तीस वर्षांपूर्वीचा निवाडा मोडीत निघत होता, आणि लोदमधली निम्मी म्हातारी माणसं त्या निवाड्यावर अजून उभी होती.

"त्या काळी," काका म्हणाले, "काही लोक काही म्हणत. काही लोक म्हणत नसत. मुकादमाला दोन्ही ऐकावं लागतं."

मी ते हिब्रूत सांगितलं. कारकून म्हणाला, "शंका होती की नव्हती?"

"एकंदर परिस्थिती बघता..."

"बाबा." शुलामिथ मराठीत बोलली. मी तिला कधी मराठीत बोलताना ऐकलं नव्हतं. शब्द लहान मुलीसारखे आले. "होती का नव्हती?"

काका तिच्याकडे वळले. "नव्हती," ते म्हणाले.

"मग प्याला शेवटी का यायचा?" सामाजीने विचारलं. चढ्या आवाजात नाही, वाट विचारावी तसं.

कारकुनाने मला विचारलं, तो काय म्हणाला? मी काकांकडे पाहिलं.

"सांग त्याला," काका म्हणाले. "हेही सांग. शंका नव्हती, शंका ठेवणं सोयीचं होतं. चौगुले माझ्या पाठी लागले होते, त्यांना काहीतरी द्यायला हवं होतं. मी ह्याचं लग्न दिलं. ह्याच्या आजीबद्दल मला काही ठाऊक नव्हतं. माझ्या आजीबद्दलही नाही. पण मला कुणी विचारलं नाही, कारण विचारणारा मीच होतो."

मी शब्द न गाळता सगळं सांगितलं. कारकुनाने पेन खाली ठेवलं. 

"हे सगळं लिहायला इथे जागा नाही," तो म्हणाला. "शंका आहे, शंका नाही, एवढंच आहे." त्याने 'नाही'वर खूण केली, शिक्का मारला आणि लग्नासाठी सणांनंतरचा मंगळवार चालेल का, असं गिदोनला विचारलं.

बाहेर आल्यावर काकांना पूर्वपदावर यायला रस्ता ओलांडण्याइतका वेळ लागला. "पुढाऱ्याने वेळ आली की निर्णय घेतला पाहिजे," ते म्हणाले.

"तीस वर्षांनी?" सामाजीने विचारलं.

"देशाच्या आयुष्यात तीस वर्षं म्हणजे काय रे?"

"मी देश नाही, अबाजी. मी सुतार आहे." त्याने त्यांना नावाने हाक मारलेली मी प्रथमच ऐकली. काकांनीही ऐकली. 

महिना संपता संपता वरची सूचनाही बदलली. आमच्या लोकांचं नाव तेवढं काढलं. ज्याच्याबद्दल शंका असेल त्याची चौकशी करावी, हे राहिलं. अर्धा चहा, अर्धी कॉफी. यावर काकांनी काहीच मत दिलं नाही, आणि आमच्या जिन्याला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

कचेरीत काय घडलं ते लोदभर पसरायला एक शब्बाथ पुरला. संध्याकाळी रूवेनजी आले, बसले नाहीत.

"माझ्या बापाने जे राखलं, ते तू एका पोरीच्या लग्नासाठी विकलंस?"

"विकलं," काका म्हणाले. "माझ्याकडे दुसरं काही विकायला नव्हतं."

"मशिदीत तोंड कसं दाखवशील?"

"मुकादमकी तू घे, रूवेन. केव्हापासून तुला हवीच आहे."

रूवेनजींनी हे उत्तर अपेक्षिलं नव्हतं. हवी असलेली वस्तू अशी हातात कोंबली की माणसाला ती धरताही येत नाही. "आम्ही लग्नाला येणार नाही," ते दारातून म्हणाले. "आमच्याकडचं एकही जुनं घर येणार नाही."

शुलामिथ आतून आली. "छान," ती हिब्रूत म्हणाली. "गिदोनच्या हैफाच्या आत्यांना खुर्च्या कमी पडत होत्या."

काका हसले.  मेंदीच्या रात्री मुलीकडचं वडीलधारं माणूस लागतं; पहिलं बोट त्याच्यापुढे रंगतं, आशीर्वाद तो म्हणतो. ते काम नेहमी रूवेनजी करत. काकांनी मला जवळ बोलावलं.

"उद्या अश्केलोनला जाऊन ये. सामाजीला सांग, लग्नाच्या आदल्या दिवशीच यायचं, हानाला घेऊन. म्हणावं, माझ्या बाजूने मोठं माणूस कुणी उरलेलं नाही."

"काका, तो टोमणे मारेल."

"मारू दे," अबाजीकाका म्हणाले. "आणि माझ्या वतीने 'ये' नको म्हणूस. 'या' म्हण."